जीबछचे वाडवडील

माझे सासरे उमापती झा पंजीकार होते. मधुबनीच्या आसपासच्या ब्राह्मणांत सोयरीक जमवायची तर आधी आमच्या ओसरीवर यावं लागे. सासरे पोथ्या उघडून दोन्हीकडच्या पिढ्या ताडून बघत आणि नातं निघत नाही असं लिहून देत. स्वतःच्या तेवीस पिढ्या तर त्यांना तोंडपाठ होत्या.

एका माघात विद्यापीठातून मधुरिमा नावाची मुलगी आली. ती गावातल्या पुरुषांची थुंकी नळीत गोळा करत होती. बापाकडून मुलाकडे उतरत जाणारी एक खूण असते, म्हणाली. आर-वन-ए तिचं नाव. आर्य म्हणून जे लोक उत्तरेकडून आले, त्यांच्याबरोबर ती इकडे पसरली असं मानतात. सासरे खूश. पहिली नळी त्यांनीच भरली.

"माझी नको?" मी विचारलं.

"बायकांत ती नसतेच, भाभी."

"घ्या! पोथीत आम्ही नाही, थुंकीतही नाही."

आमच्या तळ्यातला मखाना काढणारा जीबछ सहनी, जातीनं मल्लाह म्हणजे कोळी, पायरीखाली उभा होता. त्यालाही तिनं नळी दिली.

भाद्रपदात तपासणीची पत्रं आली. जीबछ तळ्यातून तसाच चिखलानं माखलेला आला.

"वाचा बरं पंडितजी. कुठला रोग तर नाही ना निघाला?"

सासऱ्यांनी चष्मा लावला. त्याचीही खूण आर-वन-ए. "निम्म्या मुलखात निघते म्हणे," ते म्हणाले. खाली सदतीस आकडे होते; जितके जुळतील तितकं नातं जवळचं, असं लिहिलं होतं. ताडून बघायची सवय. त्यांनी आपलं पत्र शेजारी ठेवलं आणि बोट फिरवत गेले. एकच आकडा वेगळा होता. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून पाहिलं, मग मला मधुरिमाला फोन लावायला सांगितलं.

"अंदाजच असतो," फोनवरून सगळ्यांना ऐकू आलं, "पण आठ-दहा पिढ्यांमागे तुम्हा दोघांचा पूर्वज एकच असावा."

जीबछ म्हणाला, "म्हणजे तुमच्यात कुणी गेलं की मीही टक्कल करायचं होतं?"

"गप रे."

"आणि माझा बाप गेला तेव्हा तुम्ही सुतकात खुशाल माछ-भात हाणत होता!"

मला हसू आवरेना. सासरे मात्र उठून आत गेले.

दोन दिवस ते पोथ्यांतून उठले नाहीत. नऊ पिढ्यांमागे तीन भाऊ सापडले. धाकट्याच्या नावापुढे ना लग्न, ना मुलं, काहीच लिहिलेलं नव्हतं.

"हाच असेल का, बाबूजी?" मी विचारलं.

"असेल. नाहीतर उलटंही असेल, एखादा मल्लाहच आमच्यात आला असेल. पोथीत बाप लिहिलेला असतो, कनिया. पाहिलेला कुणी नसतो."

माझा नवरा म्हणाला, "पत्रं जाळून टाका. लोक यायचे बंद होतील." त्यांनी ऐकून घेतलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः तळ्यावर गेले. मी चहा घेऊन मागे होते.

"जीबछ, बापाचं नाव रामसुंदर. आजा?"

"फेकन."

"पणजा?"

"बौकू. त्याच्यापुढचं नाही ठाऊक. आमचं कोण लिहून ठेवणार? पण कशाला हवंय?"

"लिहायला."

जीबछ कमरेभर पाण्यात उभा होता. चेष्टा करेल असं मला वाटलं, पण त्यानं केली नाही.

"मग बौकू नका लिहू," तो हळूच म्हणाला. "बौकू म्हणजे मुका; लोक चिडवायचे. नाव बौएलाल होतं."

सासऱ्यांनी ओसरीवर पोथी उघडली. धाकट्या भावाखाली बरीच जागा कोरी सोडली आणि तळाशी चार नावं लिहिली. जीबछ हात पुसत पायरीखाली उभा राहिला.

"वर ये. दिसणार कसं तिथून?"

तो आला, चटईच्या कडेला बसला. "माझं कुठलं?"

सासऱ्यांनी दाखवलं. जीबछ बराच वेळ त्या अक्षरांकडे बघत राहिला.

त्या वर्षी दोन घरं दुसऱ्या पंजीकाराकडे गेली. सासऱ्यांनी चौकशीही केली नाही.