पूर्व डावीकडे

अवकाश दुर्बिणीच्या कार्यालयात दादाचा तोरा काही औरच होता. एक कॅमेरा मुख्य लक्ष्याकडे लावला, की त्याच वेळी शेजारच्या आकाशावर दुसरं यंत्र चालवायचं आणि एका फेरीत दोघांचं काम उरकायचं, ही जुळवाजुळव त्याची. नव्या लोकांना तो दरवर्षी ऐकवायचा, "जमिनीच्या नकाशात पूर्व उजवीकडे, आकाशाच्या नकाशात डावीकडे. कारण आपण वर बघतो! हे विसरलात तर घरी जा." घरी मात्र हाच माणूस दूध तापत ठेवून फोन घेतला, की दोन्हींची वाट लावायचा.

यंदा दुसरं यंत्र धाकट्या बहिणीसाठी चालणार होतं. तीही तिथेच, पण कंत्राटावर. तिचा तारकागुच्छ मिळाला तर मुदतवाढ, नाहीतर गाशा गुंडाळायचा. दादाने छाती फुगवून सांगितलं, "निर्धास्त राहा."

चित्रं आली. मुख्य कॅमेऱ्याची झकास. बहिणीच्या चित्रात काळोख आणि चार-दोन फुटकळ तारे. तारकागुच्छ भलत्याच बाजूला सुखरूप होता. कागदावर घाईत आराखडा काढताना दादाने पूर्व उजवीकडे धरली होती.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तो सबबी शोधू लागला. यंत्र बिघडलं म्हणावं? सूर्यावरच्या वादळावर ढकलावं? सूर्य काही उलटून बोलणार नव्हता. पण चूक नियोजनाची असेल तरच निरीक्षण पुन्हा मिळतं, हा नियम त्यानेच भांडून करून घेतला होता. पायावर पाडायचा धोंडासुद्धा त्याने स्वतःच निवडून ठेवला होता.

साप्ताहिक बैठकीत तो उभा राहिला आणि सगळं सांगून मोकळा झाला. आधी कुणाचा विश्वासच बसेना. मग मागून आवाज आला, "घरी जा!" खोलीभर हशा पिकला. दुर्बिणीचा तो कोन वर्षातून एकदाच येतो. संचालकबाईंनी डोळे पुसत पुढच्या वर्षीची वेळ दिली, आणि बहिणीला तोवर मुदतवाढही.

बाहेर बहीण उभी होती.

"रागाव ना. बोल काहीतरी."

"काय बोलू? आराखड्यावर तपासणीची सही माझीच आहे."

"मग तुला दिसलं नाही?"

"मी उघडलाच नाही रे. दादाने केलंय म्हटल्यावर काय बघायचं?"

हसणं त्याने पचवलं होतं. हे मात्र घशाखाली उतरेना.

"पुढच्या वेळी उघड," तो कसाबसा म्हणाला. "आणि कुणी परक्याने केलाय असं समजून बघ."