आजचा दिवस धरून आठ

मित्रांनो, फोनमध्ये राहणारा मी एक जुना प्रोग्राम. माणूस बोलेल ते ऐकायचे आणि वेळेवर आठवण द्यायची, एवढेच माझे काम. मला घडवणारे फार दूरच्या शहरात बसत. ‘आठ दिवसांनी’ म्हटले की उद्यापासून आठ मोजायचे, असे त्यांनी मला शिकवले. मी मुकाट्याने शिकलो. तेच पुढे एकाच्या मुळावर आले.

होंडुरासमध्ये धरणाखालच्या एका खेड्यात मी आलो. मालक निकानोर, साठीचा गुराखी. अक्षरशत्रू, पण गप्पिष्ट. गायींची लस असो की सान इसिद्रो या संताचा उत्सव, तो मला बोलून सांगे आणि मी आठवण देई. “माझ्या डोक्याला आता सुट्टी!” अशी तो दुकानात फुशारकी मारायचा. मला अभिमान वाटे. खरे तर तेव्हाच भीती वाटायला हवी होती.

एका बुधवारी धरणावरचा माणूस कर्ण्यावरून ओरडत गेला, “आजपासून आठ दिवसांनी, सकाळी नऊला दरवाजे उघडणार! नदीत कुणी थांबू नका!”

निकानोरने मला सांगितले, “आठ दिवसांनी सातला आठवण कर रे. गुरं वर न्यायचीत.”

त्या गावात आजचा दिवस धरून मोजतात. बुधवार ते बुधवार आठ दिवस, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी गुरुवार धरला. विचारले नाही.

पुढच्या बुधवारी सकाळी गावाची गुरे टेकडीकडे निघाली. साडेसातला निकानोर थोरल्या बहिणीकडे, कासिल्दाकडे, फोन चार्जिंगला लावायला आला. त्याच्या झोपडीत वीज नव्हती.

“अरे, लोकं वर चाललीत अन् तू खाली?”

“लोकं घाबरट आहेत, ताई. फोन बोलला का? नाही ना? मग आज नाही.”

“फोन काय देव लागून गेला?”

“तुझ्यापेक्षा तरी बरं मोजतो!” तो हसला, मला फळीवर ठेवले आणि चार गायी घेऊन नदीतल्या बेटावर गेला. तिथले गवत हिरवेगार होते.

मी गप्प होतो. नऊला भोंगा वाजला. कासिल्दा अनवाणी धावत सुटली. निकानोर संध्याकाळी सापडला, खूप खाली, बाभळीला अडकलेला. गायी सापडल्याच नाहीत.

गुरुवारी कासिल्दाच्या घरात माणसे दाटीवाटीने बसली होती, जपमाळ चालू होती. बरोबर सातला मी मोठ्याने म्हणालो, “निकानोर, गुरं वर न्यायचीत.”

कासिल्दाने मला उचलले. “आता सांगतोस होय रे, मेल्या?” ती म्हणाली आणि रडू लागली. मला रडताही आले नाही.

गावातल्या शिक्षिकेने माझ्या घडवणाऱ्यांना पत्र लिहिले. त्यांनी मला सुधारले. आता मी विचारतो, “म्हणजे कोणता वार?” लोक वैतागतात, “डोकं खातोय” म्हणत उत्तर न देताच फोन खिशात टाकतात. आणि न विचारता मोजणारे माझे भाऊबंद अजून पुष्कळ आहेत.

मित्रांनो, विचारले तर वार सांगत जा. आणि मी गप्प आहे म्हणून धोका नाही, असे कधीही समजू नका. आधी दाराबाहेर बघा, गाव कुणीकडे चालले आहे ते.