मागचं दार

पातेल्यावरचं झाकण थडथडायला लागलं तेव्हा स्वयंपाकघरात आम्ही तिघीच होतो. आई बाहेरच्या नळावरून पाण्याची बादली आणून उंबऱ्यातच टेकली होती आणि तिचा श्वास जाग्यावर यायची मी वाट बघत होते. तो श्वास माझ्या लेकीलाही ऐकू येत असावा. बाहुलीचे केस विंचरायचे थांबवून ती आजीच्या छातीकडे टक लावून बघत होती. मी उठायच्या आत आई उठली. भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेला जाड, राखाडी कापडाचा चौकोनी तुकडा तिने काढला, त्याने धरून दुधाचं पातेलं खाली उतरवलं आणि तुटक्या श्वासात म्हणाली, "तुझ्या बाबांनी आणलेला. अजून एक धागा जळला नाही बघ."

तो फेकून दे, असं मी तिला आल्यापासून सांगत होते. तिने तो परत खिळ्याला लावला.

"तुला या घरातलं सगळंच फेकायचंय. मीपण जुनीच आहे हो," ती म्हणाली आणि हसायला गेली, तर खोकला आला.

आमच्या गावात सिमेंटचे पत्रे करायचा कारखाना होता. त्या पत्र्यांत घालायला पोती भरभरून अ‍ॅस्बेस्टॉस यायचं, कापसासारखा पिंजता येणारा दगड. बाबा पोती फोडणाऱ्यांत होते. सुरीने पोतं चिरायचं, मशीनच्या तोंडात उपडं करायचं, की पुढचं पोतं. रिकामी पोती कंपनी फुकट द्यायची आणि गावाला केवढं कौतुक! आयांनी ती धुऊन शिवून आमची अंथरुणं केली. न जळणारं हे कापडही कंपनीचंच, सणासुदीला भेट द्यावी तसं वाटलेलं. लग्न झालं तेव्हा आईने त्यातला एक तुकडा कडेने टीप मारून माझ्याबरोबर दिला होता. माझ्या लेकीचं पहिलं वरचं दूध मी त्यानेच धरून उतरवलं. हे कापडही त्याच दगडाचं असतं आणि त्याची धूळ छातीत रुतून बसते, ते मला मागच्या वर्षी कळलं. त्या दिवशी मी तो तुकडा पिशवीत घालून पिशवीला गाठ मारली, पण टाकायचा कुठे ते कळेना. कचरा उचलायला येते तीही कुणाची तरी आईच आहे.

कारखाना बंद पडून वर्षं लोटली. मशीनं ट्रकवर चढवून नेली, साहेबांच्या बंगल्यांच्या खिडक्यासुद्धा काढून नेल्या. मागे ठेवला तो भुकटीचा डोंगर, शाळेच्या पाठीमागे. त्यावरून आम्ही घसरगुंडी खेळायचो. आता त्याच्यावर गवत आलंय आणि पोरं अजूनही घसरतात. बाबा गेले तेव्हा कंपनीच्या डॉक्टरने बिडीमुळे असं लिहिलं. बाबांनी जन्मात बिडी ओढली नव्हती.

एवढ्या सगळ्यानंतर आता कोर्टाचा हुकूम झाला होता: ज्याच्या छातीत अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ सापडेल, त्याचं औषधपाणी शेवटपर्यंत कंपनीने करायचं. त्यासाठी शहरातून डॉक्टर येऊन युनियनच्या जुन्या हॉलमध्ये एक्स-रे फोटो काढून छात्या तपासणार होते. गावातला डॉक्टर आईला दमा म्हणायचा आणि दम्याच्याच गोळ्या द्यायचा. तिला नेमकं काय झालंय ते आज कुणीतरी सांगावं आणि त्याचा इलाज सुरू व्हावा, म्हणून मी शहरातून पोरीला घेऊन आले होते.

हॉल काही लांब नाही, पण आई प्रत्येक वळणावर थांबत होती. दम लागला असं म्हणायची नाही. कुणाच्या तरी बंद दाराकडे बघायची आणि त्या घरातलं कोण कुठे गेलं ते सांगायची. शिंप्याचं दुकान बंद. सायकलवाला मुलाकडे गेला. दवाखान्याच्या दारात कुत्री. शाळेचं छप्पर त्याच पत्र्यांचं, मधे भोक पडलेलं, आणि भोकाखालचे बाक बाजूला सरकवून वर्ग भरलेला. मला गावाची कीव यायला हवी होती. मला राग येत होता. बंद गेटावरची कंपनीची पाटी अजून कुणीतरी पुसतं. चकचकीत होती.

हॉलमध्ये शिरायच्या आधीच खोकले ऐकू आले. मुकादमकाका दारातच बसले होते. बाबांचे मुकादम, पण सगळं गाव त्यांना काका म्हणतं. आईला बघून ते म्हणाले, वहिनी, तुम्ही कोपऱ्यावर होतात तेव्हाच ओळखलं, आपल्या गावात माणूस दिसायच्या आधी ऐकू येतो. सगळे हसले. हसता हसता सगळ्यांना ढास लागली.

डॉक्टरीण तरुण होती, माझ्याच वयाची. टेबलाशी आमचा नंबर लागल्यावर तिने बाबांचं काम विचारलं, मग ते हयात नाहीत हे कळल्यावर मान हलवून आईकडे पाहिलं. या बाई कारखान्यात कामाला होत्या का?

"छे. बायकांना गेटच्या आत सोडत नसत," आई म्हणाली. जरा अभिमानानेच म्हणाली.

मग तपासता येणार नाही, डॉक्टरीण म्हणाली. हुकूम फक्त कामगारांपुरता आहे. ती वाईट नव्हती, तिला खरंच वाईट वाटत होतं आणि त्याचाच मला जास्त राग आला. मी आवाज चढवला. घरात धूळ कुणी आणली, गोळ्या कुणी खायच्या, माणूस मेला तर बिडी आणि बाई मरायला लागली तर दमा, असं बरंच काही बोलले. लेक माझ्या मागे लपली. मागून मुकादमकाकांनी काठी आपटली.

"पुरे आता. याच कंपनीच्या पगारावर शिकलीस तू. खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत, पोरी."

"वासे नाही मोजत, काका. वाशांवर काय घातलंय ते बघतेय."

काकांनी तोंड फिरवलं. हॉलमधलंही कुणी माझ्या बाजूने नव्हतं. त्या सगळ्यांची आयुष्यं तिथे गेली होती आणि ती वाया गेली असं शहरातून आलेल्या एका पोरीने सांगावं, हे त्यांना नको होतं. आईने माझा हात धरला. मला वाटलं, आता ती मला ओढत घरी नेणार. तिने मला बाजूला सारलं आणि टेबलासमोरच्या खुर्चीत बसली.

"बाई, मी सांगते ते ऐकून घ्या. मग नाही म्हणा," ती डॉक्टरणीला म्हणाली.

आणि मग ती श्वास घेत घेत सांगत राहिली. पोती फोडणारे पुढच्या दाराने घरात येत नसत. मागच्या दाराशी उभे राहून कपडे उतरवत. बाबा घामेजलेले, पांढरे, भुवयासुद्धा पांढऱ्या. कपडे तसेच भिजवले तर धुळीचा चिखल होऊन शिवणींत बसतो, वाळला की अंग सोलतो. म्हणून आधी झटकायचे. पँट वेगळी, शर्ट वेगळा, खिसे उलटे करून. सगळ्या गल्लीतल्या बायका त्याच वेळी आपापल्या मागच्या दारात झटकत असत, गप्पा मारत. कुणाच्या नवऱ्याचे कपडे जास्त स्वच्छ, यावरून टोमणे चालत. तिच्या नवऱ्याच्या शर्टाला कामावर सगळे नावाजत. खरं की नाही, मुकादम?

काकांनी वर पाहिलं नाही. "खरंय," म्हणाले.

"मी आत नव्हते गेले," आई म्हणाली. "पण कारखाना रोज माझ्या हातात यायचा. काम मीही केलंय. फक्त पगार नव्हता."

ती बोलायची थांबली तेव्हा फक्त तिच्या छातीतली शिट्टी ऐकू येत होती. रांगेतल्या एका म्हातारीने, जी नवऱ्याला घेऊन आली होती, उगाचच स्वतःचे हात चोळले. मुकादमकाका काठी टेकत उठले. मला वाटलं, आता हे भांडणार. ते टेबलाशी आले आणि डॉक्टरणीला म्हणाले, हिला घ्या, नाहीतर आमच्यातला एकही फोटोला उभा राहणार नाही. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

डॉक्टरणीने पेन खाली ठेवलं, स्टेथॉस्कोप कानाला लावला आणि आईच्या पाठीवर बराच वेळ टेकवून ठेवला. एका जागी थांबली, तिथेच परत ऐकलं. तिचा चेहरा बदलला नाही, पण खांदे खाली आले. आजवर कुणी फोटो कसा नाही काढला, असं तिने हळू आवाजात विचारलं. आत पाठवते, वरच्यांना काय उत्तर द्यायचं ते मी बघेन, म्हणाली. कोरा कागद ओढून तिने आईचं वय लिहिलं. व्यवसाय विचारला नाही. आपणच काहीतरी लिहिलं.

मला हुश्श वाटायला हवं होतं. आईच्या कॉलरचं बटण लावायला मी वाकले.

"हे कपडे झटकायचात," डॉक्टरीण लिहिता लिहिता म्हणाली, "तेव्हा घरात आणखी कोण असायचं?"

आई इतका वेळ डॉक्टरणीकडे बघून बोलत होती. आता ती डॉक्टरणीकडे बघेना, माझ्याकडेही बघेना. दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवून त्यांच्याकडेच बघत राहिली. पेन कागदावर थांबलेलं होतं.

लेकीने माझी बाही ओढली.

"आई, तेव्हा तू कुठे होतीस?"