सोजरबाईंच्या उजव्या कानातून

मी सोजरबाईंच्या उजव्या कानातून बोलतोय. मी त्यांचं ऐकण्याचं मशीन. आकाराने काजूएवढा, कानामागे अडकवलेला. आवाज मोठा करणं एवढंच माझं काम. समजून घेणं माझ्याकडे नाही. पण एकाच माणसाच्या कानाशी राहून त्याच्या मनातलंही थोडंफार ऐकू यायला लागतं.

माझा जन्म कुठल्या देशात झाला ते खोक्यावर छापलं होतं. खोकं फेकलं गेलं. मला आठवतं ते बुधवार पेठेजवळचं दुकान आणि सोजरबाईंचा नातू ऋषी.

"काका, हे नक्की चालेल ना?" त्याने विचारलं.

"चालणार नाही. ऐकू येईल," मालक म्हणाले आणि पावती फाडायला लागले.

असा मी खराडीला आलो.

सोजरबाईंचे कान बंद झाले तेव्हा घराभोवती ज्वारीची रानं होती आणि बांधावर भावकीतली माणसं. पुढे रानं गेली, तिथे काचेच्या कंपन्या उभ्या राहिल्या. घरच्या जागेत तीन मजली इमारत झाली आणि वरच्या खोल्या भाड्याने गेल्या. हे सगळं सोजरबाईंनी डोळ्यांनी पाहिलं, पण ऐकलं नव्हतं. जिन्यावरून जाणाऱ्यांचे ओठ हलताना दिसायचे, आणि त्या मनातल्या मनात त्यांना आपली भाषा घालून टाकायच्या. त्यांच्या लेखी सगळे अजून "कसं हाय, बरं हाय" असंच बोलत होते.

ऋषीने त्यांना पुढच्या पडवीत बसवून मला कानाला लावलं. कुकरची शिट्टी झाली, त्या दचकल्या. कावळा ओरडला, त्या तोंडाला पदर लावून हसल्या. मग जिन्यावरून दोन मुलं बोलत उतरली. पाठोपाठ एक बाई फोनवर बोलत गेली. गाडीवरचा भाजीवाला काहीतरी ओरडला.

सोजरबाईंनी मला काढून ऋषीपुढे धरलं.

"आरं रुशी, ह्येला मराठी लाव की. ह्ये दुसऱ्याच मुलखाचं बोलतंय."

ऋषी खदखदून हसला. "आजी, मशीन बरोबर आहे. गावच आता असं बोलतं."

सोजरबाई हसल्या नाहीत. त्यांनी मला डबीत ठेवलं आणि झाकण लावलं.

घरातही फार वेगळं नव्हतं. ऋषीचं अर्धं बोलणं इंग्रजी. त्याची बायको निशा मराठीच बोलायची, पण पुस्तकातली. सोजरबाई "हाय" म्हणाल्या की ती हसून "आहे" म्हणायची. तिच्या मनात वाईट नव्हतं. पण सोजरबाई पुढचं वाक्य गिळायच्या. त्यांची जाऊ मुक्ताई गेल्यापासून त्यांच्यासारखं बोलणारं घरात कुणी उरलं नव्हतं.

एका दुपारी टीव्हीवरच्या कीर्तनासाठी त्यांनी मला लावलं. कीर्तन संपलं, तरी मी कानातच होतो. वरच्या मजल्यावर एक तान्हं बाळ रडायला लागलं. मग बाईचा आवाज आला. शब्द परके होते, पण मधे मधे "जो जो" येत होतं.

सोजरबाई उठल्या. "अगं बया, ही तर आपल्यासारकं निजवतीय," असं पुटपुटत कठडा धरून जिना चढल्या.

वर भार्गवी राहत होती. ती आणि तिचा नवरा वरंगळचे, दोघंही कंपनीत कामाला. बाळंतपणाला आलेली आई परत गेली होती. दार उघडताच तिने मोठ्या आदराने सोजरबाईंना तेलुगूत "या" म्हटलं, "रंडि." आता तेलुगूत हा शब्द कितीही आदराचा असला, तरी मराठी कानाला तो सरळ शिवीसारखा लागतो. मी तो इमानेइतबारे मोठा करून कानात सोडला.

सोजरबाई लाल झाल्या. "काय म्हणली गं मला?" आणि जिन्याकडे वळल्या.

भार्गवीच्या लक्षात आलं. तिने जीभ चावली, दोन्ही हातांनी कान पकडले आणि घाईघाईने म्हणाली, "या! या, आजी! वेलकम! सॉरी!" तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्यात आत बाळाने टाहो फोडला. सोजरबाईंनी तिला बाजूला सारलं, बाळाला उचललं आणि खांद्यावर टाकलं.

तिथून रोजचं वर जाणं सुरू झालं. भार्गवी कामावर जायला लागली तसं बाळ दिवसा खालीच राहायला लागलं. नाव हासिनी, सोजरबाईंनी केलं हासू. त्या दोघी बायका आपापल्या भाषेत बोलायच्या, हातांनी उरलेलं सांगायच्या. भार्गवीने पाण्याला "नीळ्ळु" म्हटलं, तेव्हा सोजरबाई खूश झाल्या. "हिला ळ म्हनता येतोय! आमच्या भाजीवाल्याला केळं म्हनाया येत न्हाई."

हासू बोलायला लागली ती सोजरबाईंचंच. "म्या न्हाई जा!" "कुटं गेलीस गं?" ऋषी चकित व्हायचा, निशाही तिला दुरुस्त करायची नाही. त्या दिवसांत सोजरबाई मला पहाटे लावायच्या आणि झोपतानाच काढायच्या. गिळलेली सगळी वाक्यं त्या पोरीपाशी बाहेर पडायची. पेरणी, मोट, मुक्ताईबरोबरची भांडणं, सगळं.

मग भार्गवीच्या नवऱ्याची हैदराबादला बदली झाली.

टेम्पोत सामान चढत होतं तेव्हा हासू सोजरबाईंच्या लुगड्याला धरून उभी होती. "आज्जे, तू बी चल की." सोजरबाईंनी तिला गाडीत बसवलं आणि माझा आवाज बारीक केला. गाडी सुरू होताना काय ऐकायचं नव्हतं, ते त्यांनाच ठाऊक.

दर रविवारी फोन यायला लागला. "आज्जे, म्या जेवले न्हाई! तू जेवलीस का?" फोन ठेवल्यावर सोजरबाई तेच वाक्य दिवसभर घोळवायच्या. पुढे हासू शाळेत गेली. आधी "कुटं" गेलं, मग "न्हाई" गेलं. जागा रिकामी राहिली नाही, तिथे तेलुगू येत गेली, थोडी इंग्रजीही.

गेल्या रविवारी ती सगळं तेलुगूतच बोलली. मागून भार्गवी तिला दटावत होती, "आजीशी मराठी बोल!"

"आसू दे गं," सोजरबाई म्हणाल्या. "बोलू दे तिला."

त्यांनी फोन माझ्यावर इतका दाबला की मी शिट्टी मारली. त्यांनी तो जरा सरकवला. हासू काहीतरी लांबलचक सांगत होती, मधेच स्वतःच हसत होती. सोजरबाई "हं... हं... मग?" म्हणत राहिल्या. एकही शब्द कळत नव्हता.

फोन संपल्यावर त्यांनी तो पदराने पुसला. मग म्हणाल्या, "रुशी, आवाज भरला हाय रं तिचा. मोटी झाली."

मीही आता थकलोय. घामाने आत गंज धरलाय, बारीक आवाज माझ्याकडून निसटतात. नवं मशीन आणायचं घरात चाललंय. आणा. माझी हरकत नाही. पण ते येईपर्यंत हा कान माझ्याकडे आहे. म्हणून एवढंच सांगतो, हासू, पुढच्या रविवारी जरा मोठ्याने बोल.