वरच्या डाव्या बाजूचा डाग

चिकट टोकाच्या काडीवर ते आलं तेव्हा मुबीनने श्वास रोखून धरला — कापसाचं तूस, पापणीच्या केसाहूनही आखूड, गुंडाळी झालेलं. भवानी पेठेत त्याच्या खोलीखाली दिवसभर यंत्रमाग चालतात. असलं तूस डाळीत पडतं, उशीवर पडतं, नमाजाच्या टोपीवर बसतं. हे कॅमेऱ्याच्या आतल्या काचेवर बसलं होतं. त्याने कॅमेरा स्टुडिओच्या पांढऱ्या भिंतीसमोर धरून एक फोटो घेतला. मघाच्या फोटोत वर डावीकडे जो गोल काळसर डाग होता, तो आता नव्हता.

म्हणजे खात्री झाली. खात्री… ती तर दीड महिन्यापूर्वीच झाली होती.

मागे टेबलावर चार फुटी फोटो वाळत होता. लालसर, उमललेला तेजोमेघ. मध्ये पोकळी, आणि पोकळीत निळ्या ताऱ्यांचा झुबका — तीस-चाळीस लाख वर्षांचे, ताऱ्यांच्या हिशेबात तान्हेच. आणि वर डावीकडे तो डाग. सात रस्ता चौकातल्या या स्टुडिओत तो इतरांच्या लग्नांचे अल्बम लावतो. नवरीच्या गालावरचा पुरळ पुसायला त्याला चार सेकंद लागतात.

जानेवारीत दुधनीला, गुरुबसप्पा सरांच्या शेतात, त्याने दुर्बिणीला कॅमेरा लावून या मेघाचे पाच-पाच मिनिटांचे चोपन्न फोटो घेतले होते. शाळेत सरांनीच त्याला आकाश दाखवलं होतं. उजाडल्यावर एक काम उरतं: दुर्बिणीच्या तोंडावर पांढरं कापड ताणायचं आणि त्या कोऱ्या उजेडाचे वीस-पंचवीस फोटो घ्यायचे. त्यात काचेवरची घाण तेवढी दिसते, मग ती खऱ्या फोटोतून वजा करता येते. सरांना हे त्यानेच समजावलं होतं, म्हणून सरांनी खांद्यावरचं उपरणं काढून पुढे केलं होतं. आणि तो — फोटो बघायची घाई झालेली, बोटं गारठलेली — म्हणाला होता, लागत नाही, सर.

नंतर ओसरीवर लॅपटॉप उघडला. सरांच्या उजव्या डोळ्याचा पडदा खराब आहे, नजरेच्या मधोमध त्यांना कायम एक काळा ठिपका दिसतो. त्यांनी लॅपटॉपच्या पडद्यावर बोट ठेवलं आणि हे काळं काय म्हणून विचारलं. बघून सांगतो, एवढं म्हणता आलं असतं. पण त्याच्या तोंडून निघालं ते एकदम तयार, पाठ केल्यासारखं: दाट, थंड मेघ आहे सर, याच्या आत नवे तारे जन्मतात. सरांनी मान डावीकडे नेली, उजवीकडे नेली.

"माझा डाग डोळ्याबरोबर हलतो. ह्यो जागा सोडत न्हाय," ते म्हणाले होते. "म्हंजे खरा हाय."

त्या रात्री त्याने इतरांनी काढलेले याच मेघाचे फोटो शोधले — सतरा फोटो. एकातही तो डाग नव्हता. तेव्हाच कळलं होतं, आणि तरीही… पुसला नाही. उलट त्याने तो गडद केला. कडा जरा धारदार केल्या, सरांना नीट दिसावा म्हणून — असं तेव्हा मनाशी म्हणाला. सरांना दिसावा म्हणून!

अकराच्या सुमाराला सर आले, दुधनीहून, हातात कापडी पिशवी. उद्या विज्ञान दिन. फोटो शाळेच्या दारात लावायचा होता. ते फोटोच्या अगदी जवळ वाकले, मान इकडेतिकडे हलवली, आणि त्यांचं बोट न चुकता वर डावीकडे गेलं. हेडमास्तरांना सांगून ठेवलंय, म्हणाले, पोरं आधी हेच बघतील. मग खिशातून मार्कर काढून त्याच्या हातात दिला.

"हितं बाण काढ. खाली लिही, नवे तारे हितं जन्मतात. आणि तुझं नाव. अक्षर जरा मोठं काढ, मला वाचायचंय."

मुबीनने टोपण काढलं. आता… आता बोललं तरी चालेल. उद्यापर्यंत दुसरा फोटो निघेल, डाग नसलेला. नुसती काच घाण होती म्हणायचं. गडद केल्याचं सांगायची गरज नाही. तेवढं वगळता येईल — आणि हे वगळणंही आपल्याला किती सहज सुचलं, हे जाणवून त्याचे कान तापले.

"सर, त्या दिवशी उपरणं…"

"लागत न्हाय म्हणालास की," सर हसले. "आमची घरधनीण ईरम्मा अजून चिडवती मला. म्हणती, मास्तरचं उपरणं मळकं, पोरानं हात लावला न्हाय."

"तसं नव्हतं, सर."

"आरं, मळकं हुतंच की." त्यांनी पिशवीतून घडी काढून काउंटरवर ठेवली. नवं, पांढरंशुभ्र, दोनदा धुऊन खळ काढलेलं. "पुढच्या येळेला हे ताण. शेतातच ठेवणार हुतो, म्हटलं आधी दाखवावं तुला."

मुबीनने घडीवर हात ठेवला. दीड महिना त्याला वाटत होतं, खोटेपणा त्या फोटोपुरता आहे, वरच्या डाव्या बाजूपुरता. तो दुधनीच्या ओसरीपर्यंत पोचलाय, तिथे कुणी त्यापायी कापड धूत बसलंय, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. पांढऱ्यावर शाई लागू नये म्हणून मार्करचा हात त्याने दूर धरला होता. सर डोळे बारीक करून, कौतुकाने वाट बघत होते. आणि त्यांनी आपल्याला रागवावं, भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, शाळेतल्यासारखं बाकावर उभं करावं, अशी त्याला फार इच्छा झाली.