मंजुळाबाईंची थोरली

योगिनी पुण्याहून आली ती बॅग खाली टाकून सरळ सासूच्या खाटेवरच जाऊन बसली.

"आई, या वेळी चांगली आठवडाभर राहणार आहे मी. तुमच्याकडून सगळं ऐकून घ्यायचंय. घराण्याचं, तुमच्या माहेरचं. आणि सरगुंडेसुद्धा शिकायचेत."

"इचार माय, इचार," मंजुळाबाई म्हणाल्या. "कोनी इचारतच नाई मले."

आत चहा गाळणाऱ्या संजीवनीच्या हातावर गरम थेंब उडाला. ती या घराची थोरली सून. देऊळघाटला लग्न होऊन आल्यापासून ती सासूला आत्याबाई म्हणत आली होती. 'आई' म्हणायची तिची कधी हिंमत झाली नव्हती. धाकटी मात्र दिवाळीपुरती येऊन बिनधास्त म्हणायची, आणि म्हातारीला ते गोड लागायचं.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर सरगुंड्यांच्या वाळवणाचा घाट घातला. मंजुळाबाईंनी योगिनीचा हात हातात धरून कणकेची बारीक वात काडीवर कशी गुंडाळायची ते दाखवलं. योगिनीची वात तुटली, तर म्हणाल्या, "तुटू दे माय, आंबट वरनात टाकू."

संजीवनी कणीक कुटत होती. तिला तिचा पहिला उन्हाळा आठवला. सासूने एकच वाक्य उच्चारलं होतं, "पाह्य अन् कर." बिघडलेला घाणा न बोलता गाईपुढे टाकला होता. मुसळाचा घाव तिने जरा जोरातच घातला.

मग रोज दुपारी योगिनीचा मोबाइल रेकॉर्डिंगला लावून उशाशी आणि मंजुळाबाईंचं बोलणं सुरू. आपले आजेसासरे देऊळगाव राजाकडून एका बैलजोडीनिशी कसे आले, आपली सासू डोक्यावर वांग्यांची पाटी घेऊन बुलढाण्याच्या बाजारात कशी चालत जायची, बाळंतिणीला कुठला काढा कधी द्यायचा. योगिनीने मोठ्या कागदावर वंशावळ काढून भिंतीला चिकटवली. शेजारच्या सिंधूताई ती पाहून म्हणाल्या, "धाकली हिऱ्यावानी हाये वं मंजुळा. तिनं घराचं नाव राखलं."

संजीवनीने त्याच वेळी मिक्सर सुरू केला. चटणी केव्हाच बारीक झाली होती, तरी ती फिरवत राहिली. पुढे तिला सवयच लागली. आवाज रंगात आला की मिक्सर, नाहीतर, "आत्याबाई, गोळी घ्याची राह्यली."

एका दुपारी ती वाळवण घेऊन जिन्यावरून उतरत होती, तेव्हा खालून मंजुळाबाईंचा आवाज आला.

"दयारामाच्या अगोदर मले एक पोरगी होती. तीन वर्साची झाल्ती. तापात गेली. पेरनीचे दिवस होते, सारे वावरात. मी एकटीच होती तिच्यापाशी."

संजीवनी तिथेच पायरीवर बसली. या बाईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा तिने सगळे दिवस दवाखान्यात उशाशी बसून काढले होते. तिची नखं काढली, पाठ चोळली, तिला भरवलं. दयाराम संजीवनीचा नवरा; आपल्याला बहीण होती हे त्यालाही ठाऊक नसणार. आणि आठ दिवसांच्या पाहुणीला ते सांगितलं जात होतं.

"नाव काय होतं, आई?"

खाट करकरली; मंजुळाबाईंनी कूस बदलली होती.

निघायच्या आदल्या दिवशी योगिनी स्वयंपाकघरात आली. वंशावळीच्या कागदावर दयारामच्या शेजारी तिने एक रिकामा चौकोन काढला होता. "ताई, नाव काही केल्या सांगत नाहीत. तुम्ही विचाराल? तुम्हाला सांगतील."

"मले काऊन सांगतील? मी कोन होये?"

योगिनी ओट्याला टेकली. मग म्हणाली, "माझी आई गेल्या वर्षी गेली. तिचं काहीच नाही माझ्याकडे. आवाजसुद्धा नाही. तुमच्याजवळ मात्र या आई रोज आहेत. तुमचा किती हेवा वाटतो मला, ताई."

संजीवनीला ते ऐकून बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. डब्यात तिने योगिनीला सगळ्यात बारीक सरगुंडे बांधून दिले. पण नाव विचारीन, असं काही ती म्हणाली नाही.

योगिनीची बस गेल्यावर घर शांत झालं. संजीवनी सासूची वेणी घालायला बसली आणि तिला राहवेना.

"आत्याबाई, मले काऊन नाई सांगतलं?"

"काय वं?"

"पोरीचं. तिले सांगतलं. मी इथं तुमच्यापाशी जलम काढून राह्यली, अन् मले नाई!"

मंजुळाबाईंनी मागे न पाहता पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "थे गेली पुन्याले. माहं बोलनं घेऊन गेली. तुले सांगतलं असतं, त रोज सकाळी तुह्या तोंडावर मले थे पोरगी दिसली असती. मले सहन झालं नसतं."

संजीवनीचा हात थांबला.

"अन् तू कधी इचारलं?" म्हातारी हळूच म्हणाली.

ते खरं होतं. तिने कधीच विचारलं नव्हतं. केसांचे तीन पेड हातात धरूनच तिने आता विचारलं, "नाव काय होतं?"

"झुंबर. माह्या आजीचं नाव ठेवलं होतं." मंजुळाबाईंनी मान किंचित वळवली. "भाकरीचा पोपडाच खायाची. बाकी फेकून द्यायाची."

चार दिवसांनी योगिनीचा फोन आला. "ताई, कळलं का नाव?"

संजीवनीच्या ओठांवर आलेलं नाव परत फिरलं. "नाई वं. इसरल्या म्हनतात."

तिने फोन ठेवला. खाटेवरून मंजुळाबाई पाहत होत्या.

"खोटं काऊन बोलली?"

"तुमी तिले सारं देल्लं," संजीवनी म्हणाली. "एवढं माह्यापाशी राहू द्या."

मंजुळाबाई रागावल्या नाहीत. "राहू दे," त्या म्हणाल्या. "पन दयारामाले सांग. त्याची बहीन होये थे."

संजीवनीला तेही जिवावर आलं. नवऱ्यालासुद्धा वाटा द्यायची तिची तयारी नव्हती. पण संध्याकाळी वांग्याच्या वावरात ती गेली, बांधावर बसली आणि म्हणाली, "जरा इकडे या. तुमच्या घरचं एक सांगाचं हाये."