सनकोटातला जावई

सम्राटच्या गोरेपणाचं कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत जेवढं कौतुक झालं, तेवढं कुणाच्या पोराच्या नोकरीचंही झालं नसेल. गोरापान रंग, घारे डोळे, सरळ नाक. बारशाला आलेली एक म्हातारी "विलायती हाय की पोरगं!" म्हणाली होती, आणि ते या गड्यानं जन्मभर जपून ठेवलं. पण देव मोठा खोडकर. रूप दिलं सावलीतलं आणि धंदा दिला उन्हातला. सम्राट भिंतीच्या रंगाच्या कंपनीत होता. दिवसभर दुकानं फिरायची आणि ऑर्डरी घ्यायच्या.

मे लागला की नाक टोमॅटोसारखं लाल व्हायचं आणि मानेची सालपटं निघायची. क्रीम होतं की, चांगलं महागातलं! सकाळी थापायचं, आणि दसरा चौक येईतोवर ते घामाबरोबर कॉलरीवर उतरायचं. शेवटी कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी झापला. "क्रीम परत परत लावावं लागतं, आणि नुसत्या क्रीमवर विसंबायचं नसतं. अंगभर सुती कापड घाला, मान झाका, टोपी घाला, दुपारचं ऊन टाळा. तुमच्या कातडीला कापडासारखं औषध नाही."

कापड म्हणे! तालमीच्या कट्ट्यासमोरनं बाप्या गडी मान-बिन झाकून निघाला, तर पोरं जिवंत सोडतील का? सम्राटनं डोकं खाजवलं आणि त्याची नजर गेली दारामागच्या खुंटीवर. तिथं संयोगिताचा, म्हणजे त्याच्या बायकोचा सनकोट लटकत होता. अबोली फुलांचा, ढगळ, बोटांपर्यंत हात झाकणारा. जोडीला स्कार्फ आणि गॉगल. उन्हाळ्यात कोल्हापुरात गाडीवरची प्रत्येक बाई अशीच दिसते, सख्खा भाऊ बहिणीला ओळखत नाही. मग त्यात एक सम्राट खपून गेला तर कुणाला कळणार? स्वतःच्या बुलेटवर फुलांचा कोट शोभत नाही म्हणून गाडीपण तिचीच, स्कूटी. दुकान आलं की आधीच्या बोळात थांबायचं, सगळं सोंग उतरवून डिकीत कोंबायचं आणि रुबाबात आत जायचं.

आता खरी गोम ऐका. संयोगिताला शिरोली एमआयडीसीत फौंड्रीच्या लॅबमध्ये नोकरी लागली होती. येत्या सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. आणि हा बाबा म्हणाला, "रोज शिरोलीपर्यंत गाडीवर? उन्हात काळी पडशील."

"अहो, गाडी माझी, कोट माझा. दोन्ही तुम्ही नेताय. मी काय दाराचा पडदा गुंडाळून जाऊ?"

"बघू," सम्राट म्हणाला. नवऱ्याचं 'बघू' म्हणजे काय, ते बायकांना सांगावं लागत नाही. संयोगिता भांडी घासायला निघून गेली. भांड्यांचा आवाज मात्र तालमीपर्यंत गेला.

त्यात यंदा भर उन्हाळ्यात धोंड्याचा महिना आलेला. या अधिक महिन्यात जावई म्हणजे साक्षात देव. सासूनं त्याचे पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, वाण द्यायचं. आणि सासूनं दिलेलं वाण जावयानं नाकारायचं नसतं. रविवारी गडहिंग्लजला सासुरवाडीत सम्राटचा तो मान ठरला होता.

गुरुवारी दुपारी सम्राट असाच सजून एसटी स्टँडापाशी सिग्नलला थांबला आणि कानावर हाक आली.

"सयू! ए सयू! थांब की गं!"

त्यानं आरशात बघितलं. सासू! गडहिंग्लजच्या चिमणाबाई, हातात पिशवी, तरातरा रस्ता ओलांडत आल्या. त्यांनी गाडी ओळखली, कोट ओळखला आणि सिग्नल सुटायच्या आत मागं बसल्यासुद्धा.

"महाद्वार रोडला सोड मला. जावयाला वाण घ्यायला आले. बोलत का न्हाईस? घसा बसलाय व्हय?"

सम्राटनं जोरजोरात मान हलवली.

"बरं झालं. आज मी बोलते, तू ऐक." त्यांनी एक हात त्याच्या खांद्यावर ठेवला आणि बोटं ताणून पाठ चाचपली, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. "लई भरलीस गं बाय, पाठ बघ केवढी झालीया." सम्राटनं पोट आत घेतलं, पण पाठ कुठं घेणार?

"तर सयू, खरं सांगू? वाण घ्यायला मन हुईना. सोन्यासारखी नोकरी चालून आली आणि तुझा नवरा म्हणतोय काळी पडशील! अगं, तू पोटातनंच सावळी आलीस. आणि किती पडणार?"

सम्राटला हसू फुटलं. ते त्यानं खोकल्यात घातलं.

"हसू नको, सांगते ते ऐक. तुझ्या डिप्लोमाच्या वक्ताला गडहिंग्लजातल्या निम्म्या बायकांची झंपरं शिवली मी. सुईत दोरा ववता येईना आता मला, डोळं गेलं. ते काय तू घरात बसून रंग जपावास म्हणून?" त्यांनी पिशवी मांडीवर ओढली. "तू म्हणशील, आई, तूच बोल की त्यास्नी. कसं बोलू बाय? जावई माणूस, त्यात धोंडा. पाय धुवायचं सोडून कान धरू? तोंडावर बोलायची सोय न्हाय, म्हणून तुझ्यापाशी बोलते."

बिंदू चौक गेला, कोर्ट गेलं, काय गेलं, सम्राटला काही दिसलं नाही. स्कार्फच्या आत त्याचं तोंड उन्हाशिवायच लाल झालं होतं. लाज वाटत होती, अगदी खरीखुरी. पण स्कार्फ काढायची छाती होत नव्हती.

महाद्वार रोडला चिमणाबाई उतरल्या. त्यांनी खाली बघितलं.

"बूट लई मोठं घातलंस गं. पाय सुजलं काय?"

सम्राटनं जी गाडी पिळली, ती घरी येऊनच थांबवली. संध्याकाळी तो बायकोपाशी दोनदा गेला, दोनदा घसा खाकरला आणि दोन्ही वेळा पाणी पिऊन परत आला.

रविवारी गडहिंग्लजला पाट मांडला, रांगोळी काढली. आळीतल्या बायका दाटीवाटीनं जमल्या. चिमणाबाईंनी तांब्यातलं पाणी सोडत जावयाचे पाय धुतले आणि हळूच, फक्त त्याला ऐकू येईल असं म्हणाल्या, "सूज उतरली की वो पायाची, जावईबापू."

सम्राटनं दोन्ही पाय पाटाखाली ओढले.

मग धोंडे झाले, तूप झालं आणि वाणाचं ताट आलं. नारळाखाली कापडाची घडी होती. चिमणाबाईंनी ती सगळ्यांसमोर झटकून उलगडली. सनकोट! राखाडी, साधा सुती, बाप्याचा. मान झाकणारी कॉलर, बोटांपर्यंत बाह्या.

"मी शिवला. दोरा तेवढा शेजारच्या पोरीनं ववून दिला. उन्हानं भाजतंय त्यास्नी, त्यात लाजायचं काय? भाजल्याला कापड पायजेच."

"जावयाचं माप कवा घेतलंस गं?" शेजारच्या बायडाबाईंनी विचारलं.

सम्राटनं नजर ताटातल्या नारळावर खिळवली.

"सयूच्या पाठीवरनं अंदाजानं घेतलं," चिमणाबाई डोळ्याची पापणीही न हलवता म्हणाल्या. "आता ह्यो त्यास्नी, आणि फुलांचा सयूला. उद्या तिला शिरोलीला लागंल. व्हय की न्हाय, जावईबापू?"

सगळी आळी त्याच्या तोंडाकडं बघत होती. आज तोंडावर स्कार्फ नव्हता. सम्राट उठला, कोट अंगात घातला. खांद्याला तसूभरही कमी-जास्त नाही.

"व्हय, मामी," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "जाऊ दे की तिला. चुकलंच माझं."

संयोगिता पुढं आली. त्याच्या कॉलरीचं वरचं बटण लावताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठांत हसू.

"सुटला म्हणायचा," ती हळूच म्हणाली, "घसा तुमचा."